व्यवसायोपचाराला मधली फळी हवी

२०२५च्या सप्टेंबरमध्ये केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने एक पत्र काढलं. फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये, असं त्यात म्हटलं होतं. दुसऱ्याच दिवशी ते पत्र मागे घेण्यात आलं. मधल्या चोवीस तासांत आणि पुढचे कित्येक आठवडे जी हमरीतुमरी झाली ती आपण सगळ्यांनी पाहिली. एका बाजूला डॉक्टरांच्या संघटना, दुसऱ्या बाजूला फिजिओथेरपिस्ट, आणि ओघाने व्यवसायोपचारतज्ज्ञ, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा स्वतःची स्वतः करायला शिकवणारे ऑक्युपेशनल थेरपिस्टही त्यात आलेच. कोण खरा डॉक्टर, कुणाची पदवी किती वर्षांची, कुणी कुणाच्या हाताखाली राहायचं, यावर पानंच्या पानं लिहिली गेली. पण पक्षाघाताने डावी बाजू गेलेली बाई घरी परतल्यावर तिला पुन्हा एका हाताने पीठ मळायला कोण शिकवणार आहे? हा प्रश्न कुणीच विचारला नाही. या वादात कुठे साहाय्यकांच्या स्वतंत्र पदाचा विषय निघालाच, तर एरवी एकमेकांशी भांडणारे दोन्ही पक्ष एका सुरात म्हणाले, “अर्धवट शिकलेली माणसं रुग्णाच्या जवळ नकोत.”

मला हे पटत नाही. महाराष्ट्राने ‘व्यवसायोपचार साहाय्यक’ हे पद रीतसर निर्माण करावं असं माझं मत आहे. त्यासाठी दोन वर्षांची पदविका असावी, सरकारी नोंदणी असावी, पदवीधर तज्ज्ञाची देखरेख असावी आणि पुढे शिकून वर जाण्याची वाट असावी. बारावी झालेल्या मुलामुलींनी हे काम करिअर म्हणून अभिमानाने निवडावं अशी त्याची प्रतिष्ठा आणि तसा त्याचा पगार असावा.

हे मत माझ्या आत्याच्या घरात तयार झालं. ती फलटण तालुक्यातल्या एका गावात राहते. तीन वर्षांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, बोलणं शाबूत राहिलं, डावा हात आणि डावा पाय गेला. पुण्याच्या ज्या रुग्णालयात तिच्यावर उपचार झाले तिथून घरी सोडताना आमच्या हातात गोळ्यांची यादी आणि बिल पडलं. तिला उठवायचं कसं, बसवायचं कसं, हे कुणी सांगितलं नाही. घरी आल्यावर आम्ही प्रेमाने जे करायचं तेच केलं. भरवलं, नेसवलं, आणि उठवताना डाव्या हाताला धरून ओढलं. महिन्याभरात तिचा डावा खांदा सांध्यातून खाली निखळल्यासारखा झाला. लुळ्या हाताचे स्नायू खांदा धरून ठेवू शकत नाहीत, त्यामुळे तो हात कधीच ओढायचा नसतो, हे आम्हाला नंतर कळलं. माया होती, मनुष्यबळ होतं, ज्ञान नव्हतं.

मग कुणीतरी एका व्यवसायोपचारतज्ज्ञ बाईंचं नाव सुचवलं. पुण्याला दोनदा जाणं झालं. दुसऱ्या खेपेला शेजारची मुलगी सोबत होती, नुकतीच बारावी झालेली. बाईंनी आत्याला ब्लाऊज घालायला शिकवलं: घालताना बाही आधी अधू हातात चढवायची, मग धड हातात, काढताना बरोबर उलट. हुकांच्या जागी वेल्क्रो लावायला सांगितलं. पीठ मळताना परात फिरते म्हणून तिच्याखाली ओला फडका पसरायचा, आणि डावा हात मांडीवर लोंबकळत न ठेवता परातीच्या काठावर टेकवून ठेवायचा, म्हणजे तो आपल्याच अंगाचा आहे हे मेंदू विसरत नाही. मी हे नुसतं ऐकलं. त्या मुलीने ते उचललं. पुढचे दोन महिने ती रोज संध्याकाळी तासभर येऊन बसायची. आत्याचा हात पुढे येईपर्यंत थांबायची, मधे हात घालायची नाही, आणि अडलं की फोनवर बाईंना व्हिडिओ पाठवून विचारायची. आठव्या आठवड्यात आत्याने स्वतःचं स्वतः ब्लाऊज घातलं. सव्वीस मिनिटं लागली. त्या सव्वीस मिनिटांत घरातल्या कुणीही तिला मदत केली नाही, ही त्या मुलीची कमाई. आजारी माणसाला मदत न करण्याचं शिक्षण घ्यावं लागतं, हे मला तेव्हा समजलं.

तिने मला विचारलं, “दादा, याचा कोर्स असतो का?” मी शोधायला बसलो. ‘ओटी असिस्टंट’ म्हणून शोधलं की समोर येतात ते ऑपरेशन थिएटरचे कोर्स. आपल्याकडे दवाखान्यात ‘ओटी’ म्हटलं की लाल दिवा लागलेली खोलीच डोळ्यांपुढे येते. ऑक्युपेशनल थेरपी शिकायची तर तेव्हा पदवी साडेचार वर्षांची होती, आणि त्याचं सरकारी-पालिकेचं जुनं शिक्षण एकवटलंय ते मुंबईच्या केईएम, नायर, सायन या रुग्णालयांच्या महाविद्यालयांत आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. बारावीला बेताचे गुण मिळालेल्या, घर सोडून जाता न येणाऱ्या मुलीसाठी आहे तो हाच एक जिना, आणि त्याची पहिली पायरी तिच्या डोक्यापेक्षा उंच.

फलटणला ‘कमला निंबकर बालभवन’ नावाची नावाजलेली शाळा आहे. शाळेचं नाव गावात सगळ्यांना ठाऊक आहे, पण या कमलाबाईंनीच १९५०मध्ये मुंबईच्या केईएममध्ये देशातली व्यवसायोपचाराची पहिली शाळा सुरू केली, हे किती जणांना माहीत असेल? मूळच्या त्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. लग्न करून निंबकरांच्या घरात आल्या आणि इथल्याच झाल्या. १९५२मध्ये या व्यवसायाची अखिल भारतीय संघटना उभी राहिली ती त्यांच्याच पुढाकाराने. त्या काळी हे शास्त्र म्हणजे रुग्णांना टोपल्या विणायला बसवणं, अशी हेटाळणी जगभर होत होती. आणि ज्यांच्यामुळे हा व्यवसाय अमेरिकेत रुजला त्या पहिल्या महायुद्धातल्या स्त्रियांचं अधिकृत नाव काय होतं? ‘रिकन्स्ट्रक्शन एड’, म्हणजे मदतनीसच. थोडक्या मुदतीचं प्रशिक्षण घेऊन त्या जायबंदी सैनिकांच्या खाटेशी बसल्या. १९१७मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज गावी ज्यांनी या व्यवसायाची पहिली संस्था स्थापली त्यांच्यात एक वास्तुविशारदही होता. ज्या व्यवसायाची पहिली पिढी मदतनीस म्हणवून घेत होती, त्याने आज मदतनीस या शब्दाला बिचकावं?

आता विरोधकांचं म्हणणं नीट ऐकू या, कारण ते पोकळ नाही. पहिला मुद्दा भोंदूगिरीचा. आपल्याकडे कंपाउंडर डॉक्टर होतो, मालिश करणारा ‘हाडवैद्य’ होतो. दोन वर्षं शिकलेला साहाय्यक उद्या तालुक्याच्या बाजारपेठेत ‘थेरपी सेंटर’चा बोर्ड लावणार नाही कशावरून? ही भीती खरी आहे. ऑटिझम असलेल्या मुलांच्या आईबापांची हतबलता ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती अधिकच खरी वाटेल, कारण तिथे आशेचा बाजार मांडायला वेळ लागत नाही. पण या मुद्द्यात एक गृहीत धरलेलं आहे: साहाय्यक नेमला नाही तर त्या जागी पदवीधर तज्ज्ञ असेल. तसं कुठे आहे? त्या जागी आज घरी सेविका पुरवणाऱ्या ब्यूरोने पाठवलेली मावशी आहे, जिला कुणी काही शिकवलेलं नाही. काही सेंटरांत तर तज्ज्ञ पहिल्या दिवशी दिसतात आणि पुढची सत्रं कुणीतरी ‘मॅडम’ घेतात; त्या मॅडम काय शिकल्या आहेत हे विचारायचं धाडस आईबाप करत नाहीत. साहाय्यक आहेतच. फक्त त्यांना नाव नाही, नोंद नाही आणि चुकलं तर जाब विचारायला जागा नाही. नोंदणी दिली तर नोंदणी काढूनही घेता येते. जे पदच अस्तित्वात नाही त्याच्यावर कारवाई कशी करणार?

मधली फळी मोडून काढली तर काय होतं, याचा एक धडा आपल्याच इतिहासात आहे. आमच्या आजोबांच्या पिढीला ‘एलसीपीएस’ ही अक्षरं लिहिलेली दवाखान्याची पाटी चांगली आठवायची. पदवीऐवजी लायसन्स घेतलेले हे डॉक्टर. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीचा १९४६चा अहवाल आला तेव्हा देशात सुमारे ४७ हजार नोंदणीकृत डॉक्टर होते आणि त्यांतले तीस हजारांच्या आसपास असेच लायसन्शिएट होते. समितीने ठरवलं की यापुढे डॉक्टर एकाच प्रतीचा, पदवीधर. समितीतल्या काही सदस्यांनी याला विरोध केला होता. समितीचा हेतू उदात्त होता, आणि लायसन्शिएट डॉक्टरांना त्या काळी दुय्यम वागणूक मिळायची तिचाही त्याला संदर्भ होता, हे मान्य करायलाच हवं. पण निष्पन्न काय झालं? पदवीधर डॉक्टर शहरात राहिला आणि खेड्यातली रिकामी जागा ज्यांच्याकडे ना लायसन्स ना पदवी, अशांनी भरून काढली. दर्जा उंचावण्यासाठी मधली पायरी काढली, आणि बहुसंख्य लोक थेट जमिनीवर आले.

याच्या उलट बाजूचं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि इंजेक्शन देणंसुद्धा. त्यालाही हाच आक्षेप होता, बाळाचा जीव अर्धवट शिकलेल्या बाईच्या हाती कसा द्यायचा? १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले: ३९ गावांतला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. त्याआधी १९७०पासून जामखेडला आरोळे पतिपत्नींनी गावोगावच्या बायकांच्या हातात आरोग्य दिलं होतं. बाळाचा संसर्ग आणि पक्षाघातानंतरचं पुनर्वसन यांची बरोबरी होत नाही, हे मी जाणतो. व्यवसायोपचारात धोका कमी आणि चिकाटी जास्त लागते. म्हणजे माझ्या बाजूने हे उदाहरण अधिकच लागू पडतं. रोज तासभर, महिनोन् महिने, न कंटाळता तेच ते करून घेणं हा या उपचाराचा गाभा आहे. साडेचार वर्षं शिकलेल्या तज्ज्ञाने प्रत्येक रुग्णाला हा रोजचा तास द्यावा, ही अपेक्षा अर्थशास्त्रात बसत नाही आणि गरजेचीही नाही. तज्ज्ञाचं काम तपासणीचं आहे: हात का उचलत नाही, ताकद नाही म्हणून की लक्षच जात नाही म्हणून, पुढच्या महिन्याचं ध्येय काय, उपचार कधी बदलायचा, कधी थांबवायचा. ठरलेली योजना राबवणं, नोंद ठेवणं, घरच्यांना शिकवणं आणि काही वेगळं दिसलं की ताबडतोब कळवणं हे साहाय्यकाचं. ही रेषा कागदावर आखता येते. अमेरिकेत ती अनेक दशकं आखलेली आहे. तिथे दोन वर्षांचं शिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा होऊन साहाय्यक प्रमाणित होतो, पण तो तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय काम करू शकत नाही. मुंबई-नागपूरला शिकलेले कितीतरी मराठी तज्ज्ञ आज तिथे अशा साहाय्यकांसोबत काम करतात. जी व्यवस्था तिकडे आपल्याच मुलांना चालते ती इकडे आल्यावर धोकादायक कशी होते?

विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा वेगळाच आहे, आणि तो तरुण व्यवसायोपचारतज्ज्ञांकडून येतो. ते म्हणतात, आम्हालाच नोकऱ्या नाहीत. सरकारी पदं मोजकी, खासगीत पगार असा की मुंबईत खोलीचं भाडं भागत नाही. त्यात तुम्ही स्वस्तातला पर्याय उभा केलात, तर रुग्णालयांचे मालक तीन तज्ज्ञांच्या जागी एक तज्ज्ञ आणि चार साहाय्यक ठेवतील. यावर मी खोटं आश्वासन देणार नाही. असं होऊ शकतं. अमेरिकेतही पैशाचं गणित साहाय्यकांच्या मुळावर येतंच: २०२२पासून मेडिकेअरने, म्हणजे तिथल्या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याने, साहाय्यकाने दिलेल्या सेवेचा मोबदला ८५ टक्क्यांवर आणला. ज्याला पैसे कमी द्यावे लागतात त्याच्याकडून जास्त काम घ्यायचं, हे कुठल्याही देशात मालकाला शिकवावं लागत नाही.

पण तरुण तज्ज्ञांनी जरा शांतपणे विचार करावा. त्यांच्या नोकऱ्या कमी का आहेत? रीतसर नेमलेले साहाय्यक तर आज नाहीतच, म्हणजे त्यांनी त्या खाल्लेल्या नाहीत. नोकऱ्या कमी आहेत कारण लोकांना हा उपचारच माहीत नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांत पक्षाघाताचे, भाजलेले, हात चिरडलेले, स्मरणभ्रंश झालेले सगळे आलेले नाहीत. यांतल्या किती घरांनी व्यवसायोपचार हा शब्द ऐकला असेल? परिचारिकांची मागणी का वाढली? प्रत्येक उपकेंद्रात एएनएम, म्हणजे गावपातळीवरची परिचारिका पोचली, लोकांना सुईटोचणी, लसीकरण, बाळंतपण यांची सवय लागली आणि वरच्या प्रत्येक पायरीची गरज निर्माण झाली. साहाय्यक तालुक्यात पोचला तर त्याच्या कामावर सही करायला जिल्ह्याला तज्ज्ञ लागेलच. म्हणून माझी अट अशी: शासनाने साहाय्यकाचं एकही पद तज्ज्ञाच्या पदाशिवाय निर्माण करू नये. एका तज्ज्ञामागे जास्तीत जास्त किती साहाय्यक, हे प्रमाण नियमात लिहावं आणि ते ठरवताना तज्ज्ञांच्या संघटनेला सोबत घ्यावं. याला संघटनेने विरोध करण्यापेक्षा टेबलावर बसून सौदा करावा. सदस्यांच्या हिताचा तोच मार्ग आहे.

कायद्यात याला जागा आहे. २०२१च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने दोन स्तर मानले आहेत: किमान ३६०० तासांची पदवी घेतलेले ‘हेल्थकेअर प्रोफेशनल’, आणि दोन ते चार वर्षांत किमान २००० तास शिकलेले ‘अलाइड हेल्थ प्रोफेशनल’, ज्यात पदविकाधारकही बसतात. दोन वर्षांच्या पदविकेचं दार कायदाच उघडून देतो. तरीही आपण भांडतोय कशावरून, तर नावाआधीच्या ‘डॉ.’वरून.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो मला स्वतःला अस्वस्थ करतो. हे पद म्हणजे गरीब घरच्या, बहुतेक करून बहुजन समाजातल्या मुलींसाठी आयुष्यभराची खालची पायरी ठरेल. शहरातली मुलं तज्ज्ञ होतील, गावातल्या मुली साहाय्यक. माणसाच्या अंगाला हात लावण्याचं काम आपल्या समाजाने नेहमीच खालच्या मानेने करायला लावलं आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ‘नर्स’ हा शब्दही सभ्य घरात उच्चारला जात नव्हता. १९०९मध्ये स्थापन झालेल्या पुणे सेवासदनातून रमाबाई रानड्यांनी विधवांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठवलं तेव्हा केवढी निंदा पत्करली असेल. त्या कामाला प्रतिष्ठा आली ती काम बंद ठेवून नव्हे, तर शिक्षण, गणवेश, पगार आणि बढती देऊन. आजही एएनएम झालेली मुलगी जीएनएम ही परिचर्येची वरची पदविका करू शकते, पुढे पोस्ट बेसिक बीएस्सी करू शकते. व्यवसायोपचारात हीच शिडी पहिल्या दिवसापासून हवी: साहाय्यक म्हणून काही वर्षं काम केलेल्यांसाठी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात राखीव जागा. शिडी नसेल, तर या योजनेला मी स्वतः विरोध करीन.

शिडी म्हणजे सगळ्यांनी वर चढलंच पाहिजे असंही नाही. पदव्या वाढवत नेण्याचा हव्यास किती फोल ठरतो तेही अमेरिकेत दिसलं. २०१७मध्ये तिथल्या मान्यता मंडळाने तज्ज्ञांसाठी डॉक्टरेटच सक्तीची करायचं ठरवलं, आणि पुढे ते मागे घ्यावं लागलं. चांगला साहाय्यक म्हणून निवृत्त होणं हेही भरलेलं आयुष्य असू शकतं, जर महिन्याच्या एक तारखेला सन्मानाचा पगार खात्यात पडत असेल.

‘घरचीच माणसं शिकतील की’ असंही काही जण म्हणतात. शिकतील, पण शिकवणार कोण? आणि घरच्या माणसाला रुग्णाची सव्वीस मिनिटांची धडपड पाहवत नाही. आम्हाला पाहवली नव्हती.

आत्या आता एका हाताने चहा गाळते. गाळणं भांड्यावर टेकवायला लाकडाचं छोटं स्टँड आहे, तेही त्या मुलीनेच गावच्या सुताराकडून करून घेतलं होतं. कोर्स सापडला नाही, तेव्हा तिने वर्षभर वाट पाहिली. सध्या ती फलटणला कापडाच्या दुकानात काउंटरवर असते, सकाळी दहा ते रात्री नऊ. सुट्टीच्या दिवशी आत्याकडे येते, दारातच चप्पल काढून आधी तिचा डावा हात कुठे ठेवलाय ते बघते.